मागच्या भिंतीचं भोक

९ नोव्हेंबर २०२५

पोरगी आली आज. निता नाव. नागपूरची. जुन्या इमारतींचं शिक्षण घेतलं म्हणे. राजपालसेठनं बोलावली दुकान मोजाले.

दुकान म्हणजे आमच्या गावची कलाली. बोर्डावर 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' आहे, पण गाव कलालीच म्हणते. मी तिथं अकरा वर्षापासून झाडू मारते. फरशी धुते, गिलास विसळते, ओकलेलं काढते.

सेठले आता तिथं हॉटेल काढायचं आहे. समोरची जुनी कलाली तशीच ठेवायची अन मागं फॅमिलीवाल्यायले बसाले नवीन बांधायचं. त्याचा पोरगा विलायतेले जाऊन आला. तिथल्या एका खेड्यातलं दारूघर त्यानं मोबाइलमंधी दाखवलं. चारशे वर्षाचं. बुटकं, काळ्या लाकडाचं, भिंती एका अंगाले झुकलेल्या, दारात मोठ्या मानसाले मान खाली घालावी लागते असं. अन लोकं दुरून गाड्या करून येतात ते पाहाले! आत भिंतीवर त्या घराचा इतिहास लावून ठेवला. कोणता राजा थांबला, कोणाचा घोडा बांधला. सेठ म्हणे, "आपली कलाली बी इंग्रजाच्याच टाइमची हाय. आपन काहून नाही लावाचा?"

मी मनात म्हटलं, त्यायच्या इतिहासात पडलेले मानसं कोण उचलत होतं ते लिहिलं का रे बाबू.

पोरीनं मले ही वही देल्ली. "काकू, तुम्ही रोज इथे असता. भिंत, दार, खांब, जे आठवेल ते लिहून ठेवा." मी म्हटलं, चौथी शिकली मी. म्हणे, चालतं.

लिहून राह्यली. पण हे तिले द्यायचं नाही. तिच्यासाठी दुसऱ्या कागदावर लिहीन.

१० नोव्हेंबर

दिवसभर फीत धरून उभी. ती आकडा सांगे, मी टोक धरू. कंबर गेली.

जोतं साडेतीन फूट. सारं काळ्या फाडीच्या दगडाचं. पाच पायऱ्या. सहा खांब सागाचे, माह्या कवेत मावत नाहीत. दाराले कमान आहे. पोरगी कमानीकडं पाहतच राह्यली. म्हणे, "काकू, ही दुकानाची कमान नाही, ही कचेरीची आहे." सेठ म्हणे, बरोबर, आंबराईत कोणी इंग्रज सायब डेरा टाकून होता, त्यानं सांगतलं होतं सेठच्या आज्याले, की सरकारची दारू विकता तर घर बी सरकारसारखं दिसलं पाह्यजे. खरं का खोटं, सायबालेच माहीत. आता तो काय सांगाले येत नाही.

छताले मधात लाकडाच्या नाटीच्या जागी रेल्वेचा रूळ आहे. मी कधी वर पाह्यलं नव्हतं. सेठ म्हणे, जऊळक्याकडं रेल्वे टाकली तवा उरला होता. उरला म्हणे! रूळ कुठं उरत असतो? पोरीनं लिहून घेतलं.

दगडाचा ओटा आहे गल्ल्यापुढं. त्याले कोपराएवढे खड्डे पडले. लोकायनं कोपर टेकवून टेकवून दगड झिजवला. फरशीले उतार आहे, बादली ओतली की पाणी आपोआप मोरीकडं जाते. तो उतार मी रोज वापरते, मले वाटे जमीन खचली. पोरगी म्हणे, मुद्दाम दिलेला आहे. म्हणजे बांधणाऱ्याले माहीत होतं लोकं इथं काय करतीन. हुशार होता मेला.

मंग मागच्या भिंतीले गेलो.

तिथं भोक आहे. आतून ओट्याच्या कोपऱ्यात फरशीलगत, वर फळी टाकलेली. तिथून दगडाची पन्हळ जोत्यातून तिरपी खाली उतरते अन बाहेर निघते. बाहेर त्याच्या खाली एक दगड पुढं काढलेला, अन त्या दगडाले गोल खळगी. पोरगी उकिडवी बसली. "जमिनीपासून दोन फूट. इतक्या खाली कोण ठेवतं? काकू, हे काय आहे?"

सेठ ओसरीवरून म्हणे, "मोरी हाय जुनी."

ती म्हणे, "मोरी तर तिकडे आहे."

"जुन्या जमान्यात दोन ठेवत."

पोरीनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, मोरीच असन.

११ नोव्हेंबर

मोरी असन म्हटलं मी. थुत् माह्या तोंडात.

१४ नोव्हेंबर

आज सेठनं पोरीले बोर्डाचा मजकूर देल्ला. तिनं मले वाचून दाखवला, गावचं काही सुटलं का पाहाले. सायबाचं लिहिलं, रुळाचं लिहिलं, कमानीचं लिहिलं. मोहाची दारू, मातीचे माठ, बैलगाड्या. मंग शेवटची ओळ -

'या वास्तूत जातपात न पाहता सारा गाव एकत्र बसत असे.'

पोरगी म्हणे, "छान आहे ना काकू?"

मी फडकं पिळलं अन निंघून आली. तीन वाजता. अर्ध्या दिवसाचं काम टाकून. सेठ ओरडला मागून, ओरडू दे.

१५ नोव्हेंबर

हे कुठंतरी लिहाच लागते, तर इथं लिहिते.

ते भोक आमचं होतं. आमच्या वस्तीचं. सासूनं सांगतलं होतं मले, लग्न करून आली त्याच वर्षी, कलालीच्या मागून सरपण आणताना. सासू भोकाकडं बोट करून म्हणे, "तुह्या आजसासऱ्याले इथूनच देत." समोरच्या पाच पायऱ्या आमच्यासाठी नव्हत्या. मानूस मागून जाय, पैसे दगडावर ठेवे, बाजूले सरके. आतला नोकर त्याच्यावर पानी टाकून पैसे घे. मंग मडकं दगडावर ठेवायचं अन वाकून बसायचं. वरून ओतत. शिवाशिव नाही, तोंड पाहायचं नाही. म्हणून ते दोन फुटावर. वाकल्याबिगर भेटत नाही. खळगी मडक्यानं पडली. पोरीनं ते पाह्यलं, पण तिले उमगलं नाही. तिच्या शाळेत हे शिकवलं नसन.

छप्पन साली बाबासाहेबायनं दीक्षा देल्ली, वस्तीनं बी घेतली. दारूची शपथ घेतली अन मडके फोडले. तवापासून भोक कोरडं. सेठच्या घरच्यायनं लाजून बंद नाही केलं. आमच्या लोकायनं तिकडं जाणं सोडलं म्हणून ते बंद पडलं. हा इतिहास आहे. अन बोर्डावर काय, तर सारा गाव एकत्र बसत असे!

हो, बसला ना. माहा नवरा बसला. देवानंद. तो तर रोज बसला. पाच पायऱ्या चढून, कमानीखालून, तिसऱ्या बाकावर. मी बोलाले गेली की म्हणे, "आमच्या आज्याले इथं पायरी चढू देत नव्हते. मी बाकावर बसतो. सेठ मले खुर्ची देते." त्याले तो मान वाटे. बेचाळीस वर्षाचा होऊन मेला. पोट फुगून. पाय काडीसारखे.

तेराव्या दिवशी सेठनं बोलावलं. म्हणे, "झाडू माराले बाई पाह्यजे." मी गेली. माही पोरगी शिकत होती, काय करू? ज्या फरशीवर तो पडे ती मी धुते. हे बी लिहा म्हणा बोर्डावर.

१६ नोव्हेंबर

म्हाताऱ्याचं लिहायचं राह्यलं.

म्हातारा म्हणजे माहा सासरा, पुंजाजी. त्र्याऐंशी वर्षाचा. दोघंच राहतो आता घरात. मी कलालीत कामाले लागली त्या दिवसापासून तो माह्या हातचं खात नाही. अकरा वर्षं! त्याची चूल कोपऱ्यात वेगळी. वेगळा तवा, वेगळं पीठ. हात कापतात, भाकर फाटते, फाटकी भाकर खाते पण मले म्हणत नाही. एकदाच बोलला होता, पहिल्या दिवशी. "त्या घरचं अन्न मले चालत नाही."

मले चालते का? मले काय शौक होता?

वस्तीले वाटते लय तत्त्वाचा मानूस. ललिताबाई शेजारची म्हणे, "असा सासरा भेटाले नशीब लागते वं." मी म्हटलं घेऊन जाय तुह्या घरी.

१९ नोव्हेंबर

सांगतलं पोरीले. सगळं. भोकाचं, मडक्याचं, पैशावरच्या पाण्याचं. ती लिहिता लिहिता थांबली. उठून मागं गेली अन त्या दगडाजवळ बसून राह्यली. आली तं डोळे लाल. मी म्हटलं, तू कायले रडतं, रडाचं काम आमचं.

मंग म्हणे, "काकू, हे तुम्ही पाहिलं आहे का?"

"मी कुठून पाहीन? सासूनं सांगतलं."

"त्या आहेत?"

"मेल्या."

म्हणे, "ऐकलेलं चालत नाही. सेठ मोरी म्हणतात, तुम्ही दुसऱ्याचं ऐकलेलं सांगता. ज्यानं डोळ्यानं पाहिलं तो एक माणूस पाहिजे. एक माणूस जरी बोलला तर मी नकाशावर लिहीन, आणि ती ओळ मी बोर्डावर जाऊ देणार नाही. बोर्डाखाली माझं नाव येणार आहे."

एक मानूस. गावात आता तेवढा जुना एकच आहे. अन तो माह्या चुलीशेजारी चूल मांडून बसला आहे.

२० नोव्हेंबर

विचारलं नाही. तोंड वळत नाही.

२३ नोव्हेंबर

विचारलं. तो उन्हात बसून तूर पाखडत होता.

"मामाजी, कलालीच्या मागं ते भोक हाय ना. तुमी लहान होते तवा तुमच्या बापासंग जात असान."

सूप थांबलं.

"एक पोरगी आली नागपूरची. तिले सांगा लागते. सेठ बोर्डावर लिहून राह्यला, सारे एकत्र बसत म्हनून."

म्हणे, "लिहू दे."

"असं कसं लिहू दे?"

"लिहिल्यानं काय होते? वाचते कोन?"

मंग सूप उचललं अन पाठ केली माह्याकडं. चौदा वर्षाचं पोरगं होता तो छप्पन साली. सगळं पाह्यलं त्यानं. अन लिहू दे म्हणते.

२९ नोव्हेंबर

पोरगी थांबली माह्यासाठी. सेठले सांगते छताचं मोजाचं राह्यलं. छत दोनदा मोजून झालं.

सेठ आज मले म्हणे, "अंजनाबाई, तुमची त्या पोरीसंग लय जमून राह्यली." हसत म्हणे. तो अडुसष्टचा झाला, गल्ल्यावर बसून बसून त्याचं हसू बी गल्ल्यासारखं झालं. काय आत टाकते ते दिसत नाही.

नोकरी जाईन. जाऊ दे. ती ओळ बोर्डावर लागली अन मी खालून तो बोर्ड पुसत उभी राह्यली, असं डोळ्यापुढं येते अन अंगाची आग होते.

६ डिसेंबर

विहारात कार्यक्रम झाला. मेणबत्त्या, वंदना. मंग दरवर्षीसारखं म्हाताऱ्याले माईक देल्ला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, काठी बाजूले ठेवून उभा. आवाज अजून खणखणीत आहे. पोरं मोबाइलमंधी भरून घेत होते.

"छप्पनच्या साली आपल्या वस्तीनं मडके फोडले. त्या दिवसापासून या वस्तीचा एक मानूस त्या भिंतीकडं गेला नाही."

टाळ्या.

भिंत म्हणे! दरवर्षी म्हणते, मी दरवर्षी ऐकते, पण आज कानात बसलं. भिंत. दार नाही, कलाली नाही.

घरी आल्यावर मी दारातच धरलं. "माईकवर भिंत म्हनता. शंभर लोकायपुढं म्हनता. अन एका पोरीपुढं म्हनाले तोंड शिवलं काय? तुमच्या बापाले वाकवून पाजलं त्यायनं. तुमाले त्याचं काहीच वाटत नाही? का फक्त माह्या भाकरीचाच इटाळ कळते तुमाले?"

इतकं मी अकरा वर्षात बोलली नव्हती. ललिताबाई भिंतीपलीकडून ऐकत होती, ऐकू दे.

तो खाटेवर बसला. लय वेळ चपलाच काढल्या नाही. मंग म्हणे, "मंगळवारी येतो."

८ डिसेंबर

त्यानं सदरा धुतला आज. स्वतःच. मी माहं पातळ धुतलं. दोराले दोन्ही शेजारी वाळत होते. बरं वाटलं. लिहून ठेवते, मले बरं वाटलं.

९ डिसेंबर



सकाळी दहाले गेलो. मी पुढं, तो मागं. कलालीपाशी आलो तं पायऱ्याकडं त्यानं पाह्यलं बी नाही. सरळ वळसा घालून मागं गेला. मी रस्ता दाखवाले हात केला, तवर तो भोकापुढं उभा. निता वही घेऊन धावत आली. "नमस्कार बाबा." तिनं त्याच्यासाठी खुर्ची आणली. बसला नाही.

तितक्यात सेठ आला. कोणी बोलावलं नव्हतं. पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत, लय मानानं.

"या या, पुंजाजी. किती वर्सानं."

म्हाताऱ्यानं काठी मातीत रोवली.

निता म्हणे, "बाबा, हे कशासाठी होतं, तुम्ही पाहिलं होतं का?"

सेठच बोलला मधात. "सांगा ना पुंजाजी. तुमाले नाही माहीत तं कोनाले माहीत? कशासाठी होतं, अन केव्हा बंद पडलं तेही सांगा. छप्पनले बंद पडलं का मंग पडलं? मंग तं मीच गल्ल्यावर बसो. मले बी थोडं थोडं आठवते."

गोड बोलला. साखर घालून. मले वाटलं, बरं झालं, हा स्वतःच कबूल होऊन राह्यला. आता बोल म्हाताऱ्या.

म्हाताऱ्यानं सेठकडं पाह्यलं. मंग भोकाकडं. त्याची काठी मातीत रुतली होती, ती त्यानं काढली, पुसली.

"मोरी होय," म्हणे. "पान्याची."

निता म्हणे, "बाबा, पण हा दगड? ही खळगी?"

"बादली ठेवत असतीन."

अन निंघाला. मी त्याच्या सदऱ्याले धरलं. हो, धरलं. "मामाजी, खोटं काहून बोलता?" त्यानं सदरा सोडवला माह्या बोटातून. एकेक बोट.

सेठ म्हणे, "अंजनाबाई, मनाले लावून घेऊ नका. जुने लोक, इसरतात." मंग आतून चहा आणाले लावला माह्यासाठी. कपात. बशीसकट.

मी तो चहा पेली. काय करू, हात थंडे पडले होते.

१० डिसेंबर

त्यानं इकडं त्याची चूल पेटवली अन मी तिच्यावर पाणी ओतलं.

११ डिसेंबर

नोकरी गेली नाही. उलट सेठनं नवीन झाडू आणून देल्ला. ते जास्त झोंबलं. काढून टाकली असती तं मी खरी ठरली असती.

वस्तीत बातमी झाली. म्हणे अंजनानं पैसे खाल्ले असतीन त्या पोरीकून, म्हाताऱ्याले कलालीपाशी नेलं. त्र्याऐंशीव्या वर्षी त्याची शपथ मोडाले निंघाली म्हणे. ललिताबाईनं मले हे सांगतलं अन सांगताना माह्याच घरची साखर घेऊन गेली.

म्हातारा दोन दिवस झाले मुरमुरे खाऊन आहे. चूल पेटवली नाही परत. खाऊ दे मुरमुरे.

१२ डिसेंबर

निता गेली. गाडीवर तिची ती लांब नळी बांधली नकाशाची. म्हणे, "काकू, मी मोरी लिहिणार नाही. 'वापर अज्ञात' लिहीन. त्याच्यापुढे मला जाता येत नाही."

अज्ञात म्हणजे काय विचारलं. म्हणे, माहीत नाही असं.

सगळ्यायले माहीत आहे. सेठले माहीत, म्हाताऱ्याले माहीत, मले माहीत, त्या दगडाले माहीत. अन नकाशावर - माहीत नाही.

"वीस तारखेला मी नकाशा देते. तोपर्यंत कोणी बोललं तर फोन करा. कोणत्याही वेळेला. एक माणूस पुरे."

नंबर तिनंच माह्या मोबाइलमंधी टाकून देल्ला. निता नकाशा या नावानं.

१३ डिसेंबर

आज फरशी धुताना फळी बाजूले सरकवून त्या भोकातून बादली ओतली मी. पाणी सरळ खाली जाऊन त्या खळगीत पडलं. एक थेंब बाहेर नाही. किती मापात बांधलं आहे! सहा खांब, कमान, रूळ - सगळं एका बाजूले. त्या घरात सगळ्यात नीट काम कशाचं केलं असन तं ह्याचं. मानसाले मानसाचा हात लागू नये म्हणून किती डोकं लावलं.

विलायतेतल्या त्या दारूघरातही असन असं एखादं भोक. त्यायनं बुजवून वर राजाचा फोटो लावला असन.

१६ डिसेंबर

बोर्ड रंगवणारा आला होता वाशिमहून. पितळी अक्षरं बसवणार म्हणे. निताची शेवटची चिठ्ठी यायची आहे म्हणून खालची ओळ कोरी ठेवली. सेठ त्याले म्हणे, "जागा ठेव, वीस तारखेले सांगतो."

घरी येऊन म्हाताऱ्याले म्हटलं, "चार दिवस राह्यले. मंग तुमच्या बापाचा अपमान पितळेत भरून जाईन." तो भिंतीकडं तोंड करून पडून होता. म्हटलं, "तुमी भ्याले सेठले. त्र्याऐंशी वर्साचा मानूस भ्याला. काय करणार होता तो तुमचं?"

जन्मात या मानसाशी बोलणार नाही आता.

१८ डिसेंबर

म्हातारा बोलला. मी भांडे घासत होती, तो मागं येऊन उभा राह्यला. मी मान वळवली नाही.

म्हणे, "वस्तीची दारू सुटली छप्पनले. माही नाही सुटली. लग्न झाल्यावर मी धरली. समोरून जाता येत नव्हतं, लोकं पाहतीन. म्हनून त्या भोकातून घेत जाओ. राजपालच वरून बाटली सोडे. त्याले सगळं माहीत हाय."

मी तांब्या तसाच धरून.

"पन मले तिथं वाकवत नव्हतं, अंजना. बाप वाकला होता तिथं. दीक्षा घेतलेला मानूस मी. म्हनून देवानंदले पाठवो. रोज. सात वर्साचा होता. त्याले वाका लागत नव्हतं, उभ्यानंच त्याचा हात पुरे."

निताचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाही.